औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत : सत्तेचे विसर्जन आणि लोकसेवा

प्रास्ताविक

संस्थानी राजवटीतील लोकसेवेचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः दात्या राजाचे चित्र उभे राहते. शाळा काढणारा, धरण बांधणारा, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारा, दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारा राजा हा आदर्श राजा होय, अशी आपली धारणा असते. ही धारणा चुकीची नाही. तथापि ती अपुरी आहे. प्रजेला काही देणे ही एक गोष्ट आणि देण्या-न देण्याचा अधिकारच प्रजेच्या हाती सोपविणे ही दुसरी गोष्ट होय. दक्षिण महाराष्ट्रातील औंध या छोट्या संस्थानाने १९३९ साली ही दुसरी गोष्ट करून दाखविली. तिच्या केंद्रस्थानी एक वृद्ध राजा आणि विलायतेहून शिकून आलेला त्याचा तरुण पुत्र होता. त्या राजपुत्राचे नाव अप्पासाहेब बाळासाहेब पंत (१९१२–१९९२).

राजघराण्यातील व्यक्तीने आधुनिक काळात सार्वजनिक सेवेत, विशेषतः परराष्ट्रसेवेत नाव मिळविल्याची उदाहरणे आशियात इतरत्रही आढळतात. थायलंडचे राजपुत्र वान वैथयाकोन यांनी १९५५ च्या बांडुंग परिषदेत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले आणि १९५६-५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपदही भूषविले. मात्र त्यांच्या मागे त्यांच्या देशाची राजसंस्था उभी होती. अप्पासाहेब जेव्हा भारताचे प्रतिनिधी म्हणून परदेशी गेले, तेव्हा त्यांच्या घराण्याचे राज्य संपुष्टात आले होते. किंबहुना ते संपण्यापूर्वीच त्या घराण्याने आपली सत्ता स्वेच्छेने खाली उतरविली होती. हा फरक महत्त्वाचा आहे.

अप्पासाहेबांच्या जीवनकार्याचा परिचय करून देणे, औंधच्या प्रयोगाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्या प्रयोगाकडे कोल्हापूरच्या परंपरेच्या संदर्भात पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

औंध संस्थान आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी

औंध हे ७२ गावांचे, सुमारे ५०० चौरस मैल क्षेत्रफळाचे संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ८८ हजार होती. त्याचा प्रदेश सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा भाग कर्नाटकात मोडतो. कुंडलचा अपवाद वगळता बहुतेक मुलूख अवर्षणग्रस्त होता. उत्पन्न बेताचे, खडकाळ जमीन आणि पावसाची अनिश्चितता अशी या संस्थानाची परिस्थिती होती.

१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे निस्सीम प्रचारक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखान्यासाठी जागा त्यांनीच दिली. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी भरघोस आर्थिक साहाय्य दिले. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या वैदिक ग्रंथकार्याला औंधमध्ये आश्रय मिळाला. श्रीभवानी वस्तुसंग्रहालय ही तर त्यांच्या कलाप्रेमाची साक्षच होय. थोडक्यात, दात्या व रसिक राजाच्या परंपरेतील ते एक उत्तम उदाहरण होते. परंतु सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी जो निर्णय घेतला, तो या परंपरेच्या पुढे जाणारा होता.

अप्पासाहेबांची जडणघडण

अप्पासाहेबांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ रोजी झाला. ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण घेऊन आणि बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास ते मायदेशी परतले. अशा शिक्षणानंतर संस्थानिकांच्या मुलांपुढे दोन मार्ग असत : दरबारी ऐषआराम अथवा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सहवासातील प्रतिष्ठा. अप्पासाहेबांनी यांपैकी एकही मार्ग स्वीकारला नाही. स्वातंत्र्य चळवळीने भारावलेल्या त्या काळात एका निरंकुश राज्याचा राजपुत्र म्हणून जगणे ही गोष्ट त्यांना पटणारी नव्हती.

याच सुमारास त्यांचा परिचय मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याशी झाला. फ्रीडमन म्हैसूर संस्थानातील सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख होते. गांधीविचार आणि भारतीय अध्यात्म यांनी प्रभावित होऊन ते भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून जगभर पोहोचविणारे ते हेच फ्रीडमन. त्यांनी औंधमध्ये येऊन बाळासाहेब व अप्पासाहेब यांच्यासमवेत संपूर्ण जबाबदार राज्यपद्धतीची कल्पना मांडली. १९३८ च्या अखेरीस राजांनी प्रजेला स्वराज्य देण्याचा मनोदय जाहीर केला आणि संविधानाचा आराखडा घेऊन पितापुत्र महात्मा गांधींच्या भेटीस गेले. गांधीजींनी तो आराखडा तपासला, त्यात बदल सुचविले आणि राजघराण्याने साधे जीवन स्वीकारण्याची अपेक्षा व्यक्त केली. सत्ता सोडणाऱ्याने सत्तेबरोबर येणारी चैनही सोडली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. अप्पासाहेबांनी ती मान्य केली व खेड्यापाड्यांतून काम सुरू केले.

१९३९ चे स्वराज्य संविधान

२१ जानेवारी १९३९ रोजी औंध स्वराज्य संविधान अमलात आले. त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याचे वेगळेपण त्या रचनेतच सामावलेले आहे.

या संविधानाचा पाया गाव हा होता. प्रत्येक गावाने प्रौढ मतदानाने पाच पंच निवडावयाचे आणि पंचांनी आपला अध्यक्ष ठरवावयाचा. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती होई आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून संस्थानचे विधिमंडळ बने. मंत्री या विधिमंडळाला जबाबदार असत. राजाचे स्थान प्रजेचा प्रथम सेवक असे मानण्यात आले. गावच्या महसुलातील मोठा हिस्सा गावाकडेच राहावा, अशी तरतूद होती. न्यायदानाच्या बाबतीतही न्यायाधीशाने गावी यावे आणि पंचांच्या साहाय्याने तेथेच निवाडा करावा, अशी व्यवस्था योजण्यात आली. त्यामुळे वकील, तारखा आणि तालुक्याच्या खेपा यांतून गरीब पक्षकाराची सुटका होण्याची शक्यता निर्माण झाली.

समकालीन परिस्थितीशी तुलना केल्यास या रचनेचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार ब्रिटिश प्रांतांत मताधिकार मालमत्ता, करभरणा वा शिक्षण यांच्या अटींनी मर्यादित होता; बहुसंख्य प्रौढ स्त्री-पुरुषांना तो नव्हता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने प्रौढ मतदानाचा हक्क १९५० मध्ये दिला. औंधच्या खेड्यांनी पंचायत निवडताना तो अकरा वर्षे आधी वापरला होता.

दुसरी बाब दिशेची आहे. त्या काळात संस्थानांतून देण्यात आलेल्या सुधारणा बहुधा वरून खाली येत : राजधानीत एक सल्लागार मंडळ नेमले जाई, त्यात काही नियुक्त व काही निर्वाचित सभासद असत आणि अंतिम शब्द दरबाराचा असे. औंधमध्ये सत्तेचा उगम गावात मानला गेला आणि वरच्या संस्था खालच्या संस्थांतून निर्माण झाल्या. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेला कायद्याचे रूप देण्याचा हा देशातील एक आद्य प्रयत्न होय.

प्रयोगाचे प्रत्यक्ष स्वरूप

संविधान लिहिणे सोपे, चालविणे अवघड. औंधच्या पंचायतींपुढे पहिली अडचण सवयीची होती. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम ऐकण्याची सवय झालेल्या गावाला स्वतः निर्णय घेण्याची सवय लावावी लागते. त्यासाठी अप्पासाहेबांनी सभा-भाषणांपेक्षा गावात प्रत्यक्ष राहण्यावर व फिरण्यावर भर दिला. शाळा, विहिरी, रस्ते ही कामे पंचायतींनी अंगावर घेतली. १९४४ ते १९४७ या काळात अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान होते. राजपुत्र असूनही विधिमंडळाला जबाबदार राहून काम करण्याचा हा अनुभव त्यांना पुढील आयुष्यात उपयोगी पडला.

या काळातील आणखी एक प्रयोग म्हणजे आटपाडीजवळील स्वतंत्रपूर. कैद्यांना गजाआड न ठेवता मोकळ्या वसाहतीत शेती करून कुटुंबासह राहू द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. माणसावर विश्वास टाकला की तो विश्वासाला पात्र होण्याचा प्रयत्न करतो, हे ग्रामपंचायतीमागील आणि खुल्या तुरुंगामागील समान सूत्र होते. या वसाहतीच्या अनुभवावर आधारलेल्या ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाचे लेखन औंध संस्थानातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी केले आणि दिग्दर्शन कोल्हापूरचे सुपुत्र व्ही. शांताराम यांनी केले. औंधच्या एका कोपऱ्यातील प्रयोग त्यामुळे देशभर परिचित झाला.

१९४२ नंतरच्या घडामोडींनी या स्वराज्याची वेगळीच कसोटी घेतली. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्यातील जी. डी. बापू लाड यांच्यासारखे प्रमुख कार्यकर्ते कुंडलचे, म्हणजे औंध संस्थानचे रहिवासी होते. ब्रिटिश मुलखातून पाठलाग झालेल्या भूमिगतांना औंधच्या गावांत आसरा मिळत असे. एका बाजूस ब्रिटिश सार्वभौम सत्तेचा दबाव आणि दुसऱ्या बाजूस आपल्याच प्रजेची स्वातंत्र्याकांक्षा, अशा पेचात औंधचे शासन सापडले होते. पंचायतींकडे सत्ता सोपविलेल्या राजाला पोलिसी बळाने गावे दाबून टाकणे नैतिकदृष्ट्या शक्य नव्हते. सत्तेच्या विसर्जनाचा हा अटळ परिणाम होता आणि तो या घराण्याने स्वीकारला.

विलीनीकरण आणि एक अनुत्तरित प्रश्न

१९४८ मध्ये दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने ही गोष्ट आवश्यक व स्वागतार्ह होती. तथापि विलीनीकरणाबरोबर औंधच्या गावांचे एक नुकसानही झाले. ज्या गावांनी नऊ वर्षे आपल्या महसुलाचा व न्यायनिवाड्याचा कारभार स्वतः पाहिला होता, ती गावे आता मोठ्या प्रांताच्या प्रशासनयंत्रणेतील सर्वांत खालची पायरी ठरली. राजेशाही संपली आणि लोकशाही आली, असे जे सर्वसाधारण वर्णन केले जाते ते औंधच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे गावाची लोकशाही आधीच आली होती. देशाची लोकशाही आल्यावर गावाच्या हातची काही सत्ता वर गेली.

बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली, महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. हा सारा प्रवास औंधने १९३९ मध्ये धरलेल्या दिशेनेच झाला. परंतु गावच्या उत्पन्नावर गावाचा प्रथम हक्क असावा, हे औंधच्या संविधानातील कळीचे तत्त्व आजही पूर्णांशाने प्रत्यक्षात आलेले नाही. ग्रामपंचायत आहे, निवडणूक आहे. निधी मात्र बहुतांशी वरून येतो, ही आपली परिस्थिती आहे.

पूर्व आफ्रिकेतील कार्य

१९४८ मध्ये पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांची ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे पहिले आयुक्त म्हणून नियुक्ती केली. त्यांचे मुख्यालय नैरोबी येथे होते. तेथे भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. गोरे राज्यकर्ते वर, आफ्रिकी जनता खाली आणि भारतीय व्यापारी-कारागीर मध्ये, अशी त्या समाजाची उतरंड होती. भारतीयांच्या हितसंबंधांचे रक्षण करणे एवढेच आपले काम आहे असे अप्पासाहेबांनी मानले असते, तर ते कोणालाही खटकले नसते. परंतु भारतीयांचे भवितव्य आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांशी एकरूप होण्यात आहे, ही नेहरूंची भूमिका त्यांनी मनापासून मांडली. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली. जोमो केन्याटा हे त्यांपैकी एक होत.

शिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांत शिकता यावे म्हणून भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांना त्यांनी चालना दिली. महात्मा गांधींच्या स्मरणार्थ पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी जमविलेला निधी नैरोबीतील रॉयल टेक्निकल कॉलेजच्या उभारणीस जोडला गेला. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुल्या असलेल्या या संस्थेतूनच पुढे नैरोबी विद्यापीठ विकसित झाले.

१९५२ मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली व केन्याटा यांना अटक झाली. आफ्रिकी राष्ट्रवादाविषयी उघड सहानुभूती बाळगणारा भारतीय आयुक्त वसाहतवादी शासनाला नकोसा झाला आणि ब्रिटिशांच्या तक्रारी वाढत गेल्या. अखेर १९५४ मध्ये त्यांना तेथून परत बोलाविण्यात आले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, ही बाब बोलकी आहे. आपल्या घराण्याची सत्ता सोडलेल्या माणसाने दुसऱ्या खंडातील जनतेला ‘तुम्ही अजून स्वराज्याला पात्र नाही’ असे सांगणे शक्यच नव्हते. ७२ गावांतील अशिक्षित शेतकऱ्यांच्या बाबतीतही हाच आक्षेप घेता आला असता. त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिलेले होते.

हिमालयीन प्रदेश आणि राजदूतपदे

१९५५ ते १९६१ या काळात अप्पासाहेब गंगटोक येथे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम व भूतानशी भारताचे संबंध आणि तिबेटमधील भारतीय कार्यालये यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ मध्ये दलाई लामा भारतात आले, तेव्हा त्यांचा प्रवास सिक्कीममार्गेच झाला. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी चुंबी खोऱ्यातून भूतानला दिलेली प्रसिद्ध भेट आणि १९५९ मध्ये दलाई लामांचे भारतात आगमन या घटना त्यांच्याच कार्यकाळातील होत.

त्यानंतर १९७५ पर्यंत त्यांनी इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन व इटली येथे भारताचे प्रतिनिधित्व केले. यांपैकी अनेक नेमणुका कसोटीच्या होत्या. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या वादातून जाकार्ता येथील भारतीय दूतावासावर जमाव चालून आला, त्या वेळी ते तेथे राजदूत होते. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी ते कैरोमध्ये, तर १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लंडनमध्ये उच्चायुक्त होते. निवृत्तीनंतर त्यांनी लेखन, योग व सूर्यनमस्कार प्रसार यांत काळ व्यतीत केला. औंधच्या प्रयोगाची हकीकत त्यांनी ‘ॲन अन्‌युज्वल राजा’ या इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे. ५ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

कोल्हापूर आणि औंध : दोन परंपरा

कोल्हापूरच्या अभ्यासकाला औंधचा इतिहास वाचताना एक तारीख थबकविते. औंधमध्ये जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्याचे संविधान अमलात आले. त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९३९ मध्ये, जयसिंगपूर येथे माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने कोल्हापूर प्रजा परिषदेची स्थापना होऊन जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करण्यात आली. शेजारच्या लहान संस्थानात जे राजाने आपण होऊन दिले, ते कोल्हापुरात प्रजेला चळवळ करून मागावे लागले.

परंतु यावरून औंधला श्रेष्ठ आणि कोल्हापूरला कनिष्ठ ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हे सर्व त्यांनी राजसत्ता वापरून केले. दीर्घकाळ वंचित राहिलेल्या समाजाला दारातून आत आणण्यासाठी त्या सत्तेची आवश्यकता होती. औंधच्या संविधानाने सत्ता गावाकडे दिली; परंतु गाव म्हणजे समानांचा समूह नव्हे. जमीन, जात व शिक्षण यांची विषमता असलेल्या गावात पाच पंच कोणाचे असणार, हा प्रश्न उरतोच. पुढे याच प्रश्नाची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत खेड्यांविषयी घेतलेल्या परखड भूमिकेतून देशाला करून दिली.

म्हणून या दोन परंपरा परस्परपूरक मानाव्या लागतात. शाहूंच्या मार्गाशिवाय औंधचा मार्ग गावातील बलवानांच्या हाती सत्ता देण्याची भीती असते; औंधच्या मार्गाशिवाय शाहूंचा मार्ग चांगल्या राज्यकर्त्यावर अवलंबून राहतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा आणि त्याचबरोबर अनुसूचित जाती, जमाती व महिलांना आरक्षण दिले. एका अर्थाने या दोन्ही परंपरांचा तो संगम होय.

समारोप

अप्पासाहेब पंत यांच्या जीवनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लोकसेवेची खरी कसोटी सेवकाने किती दिले यापेक्षा त्याने लोकांवर किती विश्वास टाकला, ही आहे. दुसरी, लहान भूमीवरील प्रामाणिक प्रयोग मोठ्या क्षेत्रातील कार्याची शिदोरी ठरतो. औंधच्या खेड्यांतील अनुभवाविना त्यांचे नैरोबीतील कार्य समजून घेता येत नाही. तिसरी, राज्यव्यवस्था बदलली म्हणून चांगले तत्त्व आपोआप टिकत नाही; ते नव्या व्यवस्थेत पुन्हा प्रयत्नपूर्वक रुजवावे लागते.

दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात संस्थानांचा इतिहास बहुधा राजांच्या वंशावळी, दानधर्म व विलीनीकरणाच्या तारखा यांपुरता येतो. औंधची गावे आजही आपल्या परिसरात आहेत. ‘स्थानिक स्वराज्य’ हा विषय शिकविणाऱ्या राज्यशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी या ७२ गावांतील पंचायतींचा १९३९ ते १९४८ या काळातील कारभार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आणि दप्तरांच्या अभ्यासातून पुन्हा उजेडात आणला, तर गावच्या हाती पैसा व निर्णय किती असावा, या आजच्या चर्चेला अनुभवाचा भक्कम आधार मिळेल.